आक्का म्हणायचा, आता नावानं हाक मारतो

पत्र

बाई, नमस्कार. मी बेळगावजवळच्या एका गावात राहते. आमचे मालक उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, मी घरी शिलाईचं काम करते. मुलगी १६ वर्षांची. गावात मराठी शाळेत दहावी झाली, आता बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. मुलगा १३ वर्षांचा, यंदा आठवीत, म्हणजे नवीन हायस्कूलला. लहानपणी दोघं एका ताटात जेवायची. दिवाळीत दारातला किल्ला मिळून करायची. आता एकमेकांचं तोंड बघवत नाही. तो तिला आक्का म्हणायचा, आता नावानं हाक मारतो. चार्जर, कपाट, आरसा, कशावरूनही भांडण. गेल्या दिवाळीत त्यानं गल्लीतल्या पोरांसंगं किल्ला केला आणि तिला म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं, हो की बाजूला."

मुलगी आम्हाला काही सांगत नाही. कॉलेजात तिला गोकाककडची एक मैत्रीण मिळालीय. रात्री तिच्याशी फोनवर कानडीत बोलत, हसत असते, आम्हाला अर्धंच कळतं. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून कट्ट्यावर. तिथली पोरं त्याच्यापेक्षा मोठी. रात्री दहाला घरी येतो. मुलगी मात्र तिन्हीसांजेच्या आत घरात असते, तेवढं बरं आहे. मीच तिला सांगितलं होतं, भावाचा मोबाइल अधूनमधून बघत जा. तिनं बघितलं, मला सांगितलं, त्याला मार बसला. मग त्यानं तिची वही उघडून वाचली आणि बापाला सांगितलं, ही एका पोराबरोबर कँटीनला जाते. मालक म्हणतात, दोघांचीही दोस्ती बंद करा, आपोआप घरात रमतील. काय करू?

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एका वाक्यासाठी. "मुलगी मात्र तिन्हीसांजेच्या आत घरात असते, तेवढं बरं आहे." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या घरातल्या निम्म्या भांडणाचं मूळ तिथं आहे. त्याकडं येते. आधी मालकांच्या म्हणण्याचं बोलू, कारण ते उद्याच अंमलात आणतील अशी मला भीती वाटते.

दोस्ती बंद करू नका. या वयातली पोरं मित्र तुटले म्हणून घराकडं वळत नाहीत, ती स्वतःच्या आत वळतात, आणि तिथं आईबापांचा हात पोचत नाही. मित्र हवेसे वाटणं हा घराशी केलेला दगाफटका नव्हे. आठ वर्षांच्या पोराला "तुझा मित्र कोण?" विचारलं तर तो शेजारी बसणाऱ्याचं नाव सांगतो, ज्याच्याकडं बॅट आहे त्याचं सांगतो. बारा-तेराव्या वर्षी मित्र म्हणजे आपल्या बाजूनं उभा राहणारा, चुगली न करणारा. आणि सोळाव्या वर्षी मित्र म्हणजे ज्याच्यापुढं आपण कसे आहोत ते बोलून बघता येतं असा माणूस. तुमची दोन मुलं या दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. त्याला टोळी हवी आहे, तिला एकच माणूस हवं आहे. दोघांनाही आपापल्या वयाचंच हवं आहे.

रीड लार्सन नावाच्या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या उपनगरांतल्या मुलांना पेजर दिले होते. पेजर वाजला की मुलांनी लिहायचं, आत्ता कुठं आहे, कुणाबरोबर आहे, मन कसं आहे. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. पाचवीतली मुलं जागेपणीचा ३५ टक्के वेळ घरच्यांबरोबर असत, बारावीपर्यंत तो १४ टक्क्यांवर आला. पण हे वाचून घाबरू नका, कारण त्याच अभ्यासात पुढचंही आहे. आईशी किंवा बापाशी दोघांतच बोलण्याचा वेळ त्या मानानं फारसा घटला नाही. सगळे मिळून बसण्याचा वेळ आटला, एकेकट्यानं बोलण्याचा टिकला. शिकागो आपल्यापासून फार लांब आहे हे खरं, पण मी २६ वर्षं शाळेत काढली, आणि आपल्या गावांतली मुलंही मी अशीच बघितली. सगळ्यांसमोर एक शब्द न बोलणारी मुलगी आईबरोबर भाकरी थापताना, समोर बघायचं नसतं म्हणून, पोटातलं सगळं सांगून टाकते.

म्हणून तुमच्या शिलाई मशीनचं मला बरं वाटलं. मशीनवर बसलेल्या बाईची नजर सुईवर असते. मुलीला शेजारी बटणं लावायला बसवा आणि काही विचारू नका. तिची वही, कँटीन, तो मुलगा यांतलं काहीही नको. सहा दिवस काही घडणार नाही. सातव्या दिवशी ती आपणहून काही बोलली तर मशीन थांबवू नका, मान वर करू नका. "हं" म्हणा.

आता मोबाइलचं. इथं मला तुम्हाला थोडं टोचेल असं लिहावं लागतंय, आणि त्यासाठी आधी माझी चूक सांगते.

आम्ही खानापूरचे. मी दहावीत होते, धाकटा भाऊ आठवीत. आप्पांनी मला बजावलं होतं, त्याच्यावर लक्ष ठेव. एका दुपारी तो शाळा बुडवून पोरांबरोबर मलप्रभेच्या घाटावर पोहायला गेला. मी बघितलं आणि संध्याकाळी आप्पांना सांगितलं. मला वाटलं, मी मोठ्या बहिणीचं काम केलं. आप्पांनी निरगुडीच्या फोकानं त्याला झोडलं. तो रडला नाही. मार खाताना तो आप्पांकडं बघतच नव्हता, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघत होता. त्यानंतर दोन वर्षं त्यानं मला स्वतःबद्दल काही म्हणजे काही सांगितलं नाही. पाण्याचा तांब्या मागायचा, पेन मागायचा, बाकी शून्य. पुढं मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघाले तेव्हा तो माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन खानापूर स्टेशनापर्यंत आला, गाडी हलेपर्यंत उभा राहिला, आणि मग म्हणाला, "पत्र घाल." तिथून आमचं बोलणं परत सुरू झालं. पण मधली दोन वर्षं गेली ती गेलीच.

तुम्ही मुलीला भावाचा मोबाइल बघायला सांगितलंत. तुमच्या मनात काळजी होती, पण त्याच्या डोळ्यांत ती त्या दिवशी आक्का राहिली नाही, घरातली पोलीस झाली. तिची वही त्यानं उघडली ती या रागातून. हे दोघांचं आपापसातलं वैर नव्हे. एकाला दुसऱ्यावर नेमण्याचं जे काम आपण मोठ्यांनी केलं, त्याची ती फेड आहे. मोबाइल बघायचाच असेल तर तो आईबापांनी बघावा, मुलाला सांगून, त्याच्यासमोर, आणि असं होणार हे त्याला फोन देतानाच ठरलेलं असावं. बहिणीकडून चोरून कधीही नको. मुलीला एकटीला गाठून सांगा, "ते काम मी तुझ्याकडून करवून घ्यायला नको होतं, चूक माझी." मुलालाही हेच सांगा. आईनं मुलांपुढं चूक कबूल केली तर मान जातो असं आपल्याकडं समजतात. मला तसं कधी दिसलं नाही.

चार्जर आणि कपाटावरची भांडणं तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण मी तिथं थांबते. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या निकोल कँपियोन-बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४५ भावंडांच्या जोड्या वर्षभराच्या अंतरानं दोनदा तपासल्या. मोठं भावंड साधारण १५ वर्षांचं, धाकटं १२ वर्षांचं, म्हणजे जवळपास तुमच्याच घरातलं माप. त्यांनी भांडणं दोन ढिगांत घातली. एका ढिगात 'माझं का घेतलंस, माझ्यात का डोकावलंस' अशी. दुसऱ्यात 'तिला जास्त, मला कमी, माझीच पाळी का' अशी. पहिल्या प्रकारची भांडणं जिथं जास्त होती तिथं मुलांची धास्ती वर्षभरानं वाढलेली आणि स्वतःबद्दलचं मत खाली आलेलं दिसलं. दुसऱ्या प्रकारची जिथं जास्त होती तिथं उदासी वाढलेली दिसली. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं.

तुमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. पहिल्याचं सोपं. दोन खोल्या आणि ओसरी असलेल्या घरात प्रत्येकाला खोली देता येत नाही, पण कुलूप लागणारा एक कप्पा देता येतो. पत्र्याची जुनी पेटी असली तरी चालेल. एक किल्ली तिच्याकडं, दुसऱ्या पेटीची त्याच्याकडं, तुमच्याकडं एकही नाही. चार्जर दोन घ्या. सोळा वर्षांच्या मुलीसाठी ती पेटी म्हणजे नुसता कप्पा नसतो, माझं म्हणावं असं जगात काहीतरी आहे याची ती खूण असते.

आणि तिचं फोनवरचं कानडी बोलणं. ताई, तुम्हाला ते खुपतं हे मला समजतं. आपण सीमाभागातली माणसं. घरात मराठी टिकावी म्हणून आपल्या आधीच्या पिढीनं काय काय सोसलं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळं मुलीच्या तोंडी कानडी हसणं ऐकलं की काळजात कळ येते. पण तिच्या जागी बसून बघा. दहावीपर्यंत सगळे विषय मराठीत शिकलेली मुलगी पीयूसीला जाते तेव्हा पहिल्या दिवसापासून फळ्यावर इंग्रजी असतं आणि शेजारच्या बाकावर कानडी. अशा वेळी गोकाकच्या एका मुलीनं तिला बाकावर सरकून जागा दिली. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी मला येऊन सांगत, "बाई, पहिले दोन महिने कुणीच बोललं नाही." तुमच्या मुलीला कुणीतरी बोलायला मिळालं, याचा मला आनंद आहे. आणि दुसरं असं की, तुमच्या घरात दार लावून बोलता येईल अशी जागा नाही. कानडी हीच तिची दार असलेली खोली आहे. ती मराठी सोडून चाललेली नाही, थोडा वेळ आत जाऊन बसते एवढंच. त्या मुलीला येत्या गणपतीला घरी जेवायला बोलवा. मोदक खाताना तिला किती मराठी येतं ते बघा, बहुतेक तुमच्या मुलीनंच शिकवलेलं निघेल.

आता त्या वाक्याकडं येते. मुलगा तेरा वर्षांचा, रात्री दहाला येतो. मुलगी सोळा वर्षांची, दिवेलागणीला घरात. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, तिला साध्या सरकारी बसला पैसे लागत नाहीत, बेळगावात ती एकटी जाते-येते, आणि तरी गावात पाय ठेवला की तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान भाऊ मोकळा आणि ती बांधलेली. तो आल्यावर त्याचं ताट कोण वाढतं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं तीच वाढत असणार. आणि मग तो तिला नावानं हाक मारतो. तिनं चार्जर ओढून घेतला तर मला नवल वाटत नाही. ती चार्जरसाठी भांडत नाहीच.

गावात मुलीला उशिरापर्यंत बाहेर सोडणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही सोडा असं मी म्हणतही नाही. अमांडा कोवल आणि लॉरी क्रेमर या दोघींनी १९९७ साली ११ ते १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, आईबाप तुम्हा भावंडांना वेगवेगळं वागवतात का, आणि ते रास्त वाटतं का. वेगळं वागवलं तरी त्यामागचं कारण पटलं असेल तर भावंडांचं बरं चाललं होतं. जिथं ते अन्याय्य वाटत होतं तिथं बिनसलं होतं. म्हणजे मुलांना तराजूत तोलून सारखं लागत नाही, पण कारण लागतं, आणि ते खरं लागतं. "तू मुलगी आहेस" हे कारण नव्हे. ते तुम्हालाही त्या वयात पटलं नव्हतं.

म्हणून हे करा. मुलाची वेळ आधी खाली आणा. साडेसात, फार तर आठ. तेराव्या वर्षी रात्री दहापर्यंत कट्टा हा मोकळेपणा नव्हे, आपलं दुर्लक्ष आहे. मुलीची वेळ थोडी वर न्या, आठवड्यातून एक-दोनदा का होईना, गल्लीतल्या मैत्रिणीकडं, वाचनालयात, कुठंही, सांगून गेली की झालं. दोघांची वेळ एकाच रात्री, दोघांसमोर, मालकांनी सांगावी. तुम्ही सांगितलीत तर मुलगा आईला गुंडाळेल. आणि जेवण झालं की स्वतःचं ताट त्यानं घासावं, आजपासून. पहिले आठ दिवस तो आदळआपट करेल. करू द्या. या एका ताटानं बहिणीच्या मनातलं जेवढं हलेल तेवढं माझ्या या सगळ्या लिहिण्यानं हलणार नाही.

कट्ट्यावरच्या मोठ्या पोरांची काळजी मात्र रास्त आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांना पडद्यावर गाडी चालवायचा खेळ दिला, काहींना एकट्यानं, काहींना मित्रांच्या देखत. मित्र बघत असताना धोका पत्करणं वाढलं, आणि १३ ते १६ वयाच्या मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा फार जास्त वाढलं. तुमचा मुलगा वाईट नाही, पण चार मोठी पोरं बघत असताना तो घरी असतो तसा नसतो. मोटरसायकलवर तिघं बसून जाणं, गुटख्याची पुडी, हे त्याच्या मनातून उगवत नाही, त्या चार जोड्या डोळ्यांतून येतं. यावर कट्टा बंद करणं हा उपाय नाही, कट्टा तुमच्या दारात आणणं हा आहे. पोरांना घरी बोलवा, चुरमुरे करून घाला, नावं विचारा, कुणाचा कोण ते समजून घ्या. ज्या पोराच्या हातात तुम्ही चहा दिलाय, ते तुमच्या मुलाला गाडीवर बसवताना एकदा तरी विचार करेल. मालकांनी रविवारी त्यांच्यात जाऊन पाच मिनिटं उभं राहावं. ओरडायला नको, नुसतं उभं राहायला.

कँटीनच्या मुलाबद्दल मी थोडंच लिहिते, कारण त्यात थोडंच आहे. सोळाव्या वर्षी मुलंमुली एकत्र चहा पितात. तिला त्रास होतोय का, कुणी धमकावतंय का, फोटो मागतंय का, एवढंच तिच्याकडून कळलं पाहिजे. ते चौकशीनं कळत नाही, त्या बटणं लावायच्या जागी कळतं. वही वाचल्याबद्दल मुलानं तिची माफी मागावी, पण तुम्ही तिची मागितल्यानंतर.

दोघांपैकी कुणी जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, मित्रांनाही टाळू लागलं, "जगून काय करायचं" असं काही बोललं, तर भावंडांचं भांडण म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा मनाच्या त्रासावर मदत करणारा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही कुणी तरी असतं, मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगते. हे असंच राहणार का? बहुतेक घरांत राहत नाही. लहानपणी आक्का हुकूम सोडायची आणि तो ऐकायचा. आता तो उंचीला तिच्या बरोबरीला आला, आवाज फुटला, आणि 'आक्का' म्हणणं त्याला वाकल्यासारखं वाटतं. नावानं हाक मारणं म्हणजे त्याचं बरोबरीचं मागणं आहे, कडू पद्धतीनं केलेलं. ही बरोबरी एकदा पदरात पडली की हात परत सैल होतात. शिवाय भावंडं ही अशी माणसं आहेत ज्यांना सोडून जाता येत नाही. मित्राशी ताणलं तर मित्र जातो, म्हणून मित्राशी पोरं जपून वागतात. भावाशी, बहिणीशी मात्र मनाला येईल तेवढं ताणतात, कारण सकाळी उठलं की ती तिथंच असणार हे ठाऊक असतं.

दिवाळीला अजून वेळ आहे. यंदा नरक चतुर्दशीच्या चार-पाच दिवस आधी परड्यातली तांबडी माती दोन पाट्या भरून दारात आणून ठेवा, शेजारी दगड आणि जुनी गोणपाटं ठेवा. कुणाला "दोघं मिळून करा" म्हणू नका. किल्ला मुलगाच करेल, गल्लीतल्या पोरांसंगं, आणि करू द्या. फक्त मोहरीची पुडी मुलीच्या हातात द्या. मोहरी किल्ल्यावर लवकर पेरावी लागते, रोज पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर दिवाळीपर्यंत हिरवं येत नाही, आणि हे पोरांना आठवत नाही. तिला आठवतं, कारण लहानपणी ते काम तिचंच होतं. पेरायचं की नाही ते तिचं ती बघेल.

दिवाळी झाली की पत्र घाला. मोहरी उगवली का, तेवढं नक्की कळवा.